धर्मगुरूला अखेरचा निरोप कोणी द्यावा?

उत्पत्तीच्या पुस्तकातील अखेरचा अध्याय आपण सर्वांनी ऐकलेला आहे. वृद्ध याकोब मिसर देशात मरण पावतो. परक्या देशाचे लोक त्याच्यासाठी सत्तर दिवस शोक करतात. त्यानंतर योसेफ फारोची परवानगी घेऊन आपल्या पित्याचा देह कनान देशी नेतो आणि मकपेलाच्या गुहेत पूर्वजांच्या शेजारी ठेवतो. याकोबाला रडले मिसरी लोक, परंतु त्याला विसावा मिळाला तो स्वकीयांच्या भूमीत. मृत व्यक्तीचा देह कोणाचा आणि तिला निरोप देण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न पवित्र शास्त्राच्या पहिल्याच ग्रंथात असा उभा राहिलेला दिसतो.

हाच प्रश्न आज आम्ही आलापल्ली व परिसरातील भाविकांसमोर ठेवू इच्छितो, कारण आमच्या भागात तो केवळ शास्त्राभ्यासाचा विषय नाही. १९६२ साली चांदा मिशनक्षेत्राची स्थापना झाली आणि १९७७ साली त्याला धर्मप्रांताचा दर्जा मिळाला. तेव्हापासून ज्या धर्मगुरूंनी व धर्मभगिनींनी या जंगलपट्ट्यात सेवा केली, त्यांपैकी बहुतेकांचा जन्म केरळातला. ते येथे आले, मराठी शिकले, काहींनी माडिया व तेलुगू भाषाही आत्मसात केल्या. अहेरी, एटापल्ली, भामरागड, सिरोंचा या वाटा त्यांनी सायकलने, पायी आणि पुढे मोटारसायकलने तुडवल्या. वय झाले, प्रकृती ढासळली, की त्यांना मठात किंवा रुग्णालयाजवळच्या निवासात हलविण्यात येते. ते योग्यही आहे. त्यात कोणाचा दोष नाही. परंतु एके दिवशी त्यांच्या निधनाची वार्ता येते, आणि ती गावोगाव पोहोचेपर्यंत अंत्यविधीची मिस्सा आटोपलेली असते. ज्याने आपल्या मुलांना स्नानसंस्कार दिला, ज्याने आजारी माणसाला आपल्या गाडीवर घालून दवाखान्यात नेले, त्याच्या शवपेटिकेवर मूठभर माती टाकण्याचे भाग्य त्या गावाला लाभत नाही. पुढच्या रविवारी त्याच्या नावे एक मिस्सा अर्पण होते आणि विषय संपतो.

आम्हाला वाटते, विषय असा संपू नये. धर्मगुरूचा अंत्यविधी सार्वजनिक असावा याचा अर्थ काय, हे समजून घेण्यासाठी आम्ही प्रथम वाचकांना बरेच दूर, न्यूझीलंड देशात नेणार आहोत. तेथील मूळ रहिवासी माओरी जमातीने या बाबतीत जो विचार केला आहे, तो आमच्या माडिया व गोंड बांधवांना मुळीच परका वाटणार नाही.

माओरी समाजात मृत्यूनंतरच्या शोकविधीला 'तांगिहांगा' किंवा थोडक्यात 'तांगी' म्हणतात. तांगी म्हणजे रडणे. प्रत्येक कुळाचे एक सामायिक आवार असते, त्याला 'मराए' म्हणतात; त्यात कोरीव खांबांचे सभागृह, समोर मोकळे अंगण आणि बाजूला भोजनघर असते. मृतदेह उघड्या शवपेटिकेत या सभागृहात किंवा त्याच्या ओसरीवर ठेवतात. भोवती पूर्वी गेलेल्या आप्तांची छायाचित्रे मांडतात. जवळचे नातलग, विशेषतः स्त्रिया, देहापासून हलत नाहीत. रात्रीदेखील त्याला एकटे सोडायचे नाही असा नियम आहे. हे सर्व साधारणतः तीन दिवस चालते.

पाहुणे एकेकटे येत नाहीत, समूहाने येतात. प्रवेशद्वाराशी थांबतात. आतून एक वयस्क स्त्री उंच स्वरात त्यांना हाक घालते, पाहुण्यांतील स्त्री तिला उत्तर देते, आणि मग सर्वजण सावकाश पुढे येतात. पुढील भाग आम्हाला विशेष उल्लेखनीय वाटतो. वक्ते मृताविषयी बोलत नाहीत, ते मृताशी बोलतात. 'तू गेलास' असे त्याला तोंडावर सांगतात. त्याची स्तुती करतात, आणि राग असेल तर तोही तेथेच बोलून दाखवतात. अपुरी राहिलेली भांडणे देहासमोर काढली जातात. प्रत्येक भाषणानंतर वक्त्याच्या बाजूचे लोक गीत गातात. पाहुणे काही रक्कम अंगणात ठेवतात, जेणेकरून एवढ्या लोकांच्या भोजनाचा भार यजमान कुळावर पडू नये. अखेरच्या रात्री मात्र वातावरण पालटते. मृताच्या आठवणी, नकला, विनोद, गाणी यांत रात्र जागवली जाते. सकाळी उपासना, दफन, दफनभूमीतून बाहेर पडताना पाण्याने हात धुणे, आणि मग सर्वांनी मिळून मोठे भोजन. सुमारे वर्षभराने कुटुंब पुन्हा एकत्र येते आणि समाधीशिलेवरील आच्छादन दूर करते.

आमच्या वाचकांपैकी जे भामरागड वा एटापल्लीकडील गावांतून आलेले आहेत, त्यांना हे वाचताना काहीतरी आठवले असेलच. ढोलाच्या ठोक्यावरून मृत्यूची वार्ता पसरते, दूरदूरचे सोयरे वाट तुडवीत येतात, बायांचे सुरात रडणे चालू राहते, आणि पुढे यथावकाश वेशीबाहेर मृताच्या नावाने दगड उभा केला जातो. माडिया गावांच्या वाटेवर असे उभे दगड पाहिले नाहीत असा कोण आहे? समुद्रापलीकडच्या एका बेटावरील लोक आणि इंद्रावतीकाठचे लोक यांची कधी गाठभेट झाली नाही. तरीही दुःखाला वेळ द्यावा लागतो आणि ते एकट्याने वाहायचे नसते, हे दोघांनीही जाणले.

न्यूझीलंडमध्ये कॅथलिक धर्मश्रद्धेचा प्रारंभ १८३८ सालच्या जानेवारीत झाला. फ्रान्सहून आलेले बिशप जाँ-बातिस्त पोंपालिए यांनी होकिआंगा या उत्तरेकडील भागात पहिली मिस्सा अर्पण केली. ते माओरी भाषा शिकले, खेडोपाडी फिरले. पुढे ते ऑकलंडचे पहिले बिशप झाले. १८६८ साली वृद्धावस्थेत ते फ्रान्सला परतले आणि १८७१ सालच्या डिसेंबरात पॅरिसनजीक मरण पावले. तेथेच त्यांचे दफन झाले. कोणत्याही मिशनरी बिशपच्या जीवनकथेचा शेवट असाच होतो, आणि येथे ती कथा संपावयास हवी होती.

परंतु माओरी श्रद्धावंतांच्या दृष्टीने ती संपलेली नव्हती. त्यांच्या रीतीप्रमाणे जो आपला आहे त्याचा देह आपल्या भूमीत हवा. पोंपालिए जन्माने फ्रेंच असले तरी होकिआंगाच्या लोकांनी त्यांना आपले मानले होते, आणि त्यांना निरोप द्यावयाचा राहून गेला होता. पिढ्यामागून पिढ्या ही रुखरुख चालत आली. अखेर २००२ सालच्या प्रारंभी न्यूझीलंडहून गेलेल्या यात्रेकरूंच्या उपस्थितीत फ्रान्समधील त्यांची कबर उघडण्यात आली. त्यांचे अवशेष शवपेटिकेत ठेवून न्यूझीलंडला आणण्यात आले. दक्षिणेकडील डनिडिनपासून उत्तरेपर्यंत ती पेटी देशभर फिरली. ठिकठिकाणी तिचे स्वागत झाले, जणू बिशपमहोदय कालच वारले असावेत असे लोक रडले. २० एप्रिल २००२ रोजी होकिआंगामधील मोतुती या लहानशा खेड्यात, संत मरियेच्या चर्चमध्ये, वेदीखाली ते अवशेष ठेवण्यात आले. मृत्यूनंतर एकशे तीस वर्षांनी एका धर्मगुरूचा अंत्यविधी पूर्ण झाला.

ही घटना आम्ही मुद्दाम विस्ताराने सांगितली. राजधानीतील भव्य कॅथेड्रलऐवजी एका खेड्याला तो मान मिळाला, आणि तो मागणारे लोक त्यांच्या रक्ताचे नव्हते. केरळातून आलेल्या धर्मगुरूला आलापल्लीचा भाविक 'आमचे फादर' म्हणतो तेव्हा त्या 'आमचे' या शब्दात किती अर्थ भरलेला असू शकतो, हे मोतुतीकडे पाहून समजते.

त्याच देशातील दुसरे उदाहरण अधिक अलीकडचे व अधिकृत स्वरूपाचे आहे. सर पॉल रीव्ह्ज हे अँग्लिकन पंथाचे आर्चबिशप होते. आईच्या बाजूने ते माओरी, ते आती आवा या कुळाचे. १९८५ ते १९९० या काळात ते न्यूझीलंडचे गव्हर्नर जनरल होते. त्या पदावर बसलेले ते पहिले माओरी. १४ ऑगस्ट २०११ रोजी त्यांचे निधन झाले आणि शासनाने त्यांना राजकीय सन्मानाने निरोप देण्याचे ठरविले. तो विधी १८ ऑगस्ट रोजी ऑकलंडच्या होली ट्रिनिटी कॅथेड्रलमध्ये झाला. परंतु त्याआधीचे दिवस त्यांचा देह त्याच शहरातील, माओरी अँग्लिकन समुदायाच्या होली सेपल्कर चर्चमध्ये होता. तेथे लोक येत होते, बोलत होते, गात होते. आधी लोकांची तांगी आणि मग शासनाची मानवंदना, असा क्रम तेथे लागला. आम्हाला हा क्रम अगदी योग्य वाटतो. सैनिकांची सलामी काही क्षणांत संपते. लोकांना त्याहून अधिक वेळ लागतो.

माओरी रीतीत सारेच गोड आहे असे मात्र समजू नये. देह कोणी न्यावा यावरून दोन कुळांमध्ये वाद होतात. उलट, असा वाद होणे हा मृताचा सन्मानच मानला जातो. ज्याच्यासाठी कोणी भांडले नाही, तो कोणालाच नको होता की काय, असे लोक म्हणतात! पण हा वाद कधी कटू वळण घेतो. २००७ साली तेथे एका गृहस्थाचा देह त्याच्या माओरी नातलगांनी सहचारिणीच्या इच्छेविरुद्ध आपल्या गावी नेला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि २०१२ साली न्यायालयाने अखेरचा निर्णय घेण्याचा अधिकार मृत्युपत्राच्या व्यवस्थापकाकडे, म्हणजे या प्रकरणी सहचारिणीकडे, असल्याचे सांगितले; मात्र रूढी व नातलगांचे म्हणणे विचारात घ्यावे, असेही म्हटले.

येथे आमचा सुज्ञ वाचक विचारील, की हे सर्व ख्रिस्तसभेच्या विधीत बसते काय? बसते, आणि त्याला आधारही आहे. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६३ साली संमत केलेल्या पवित्र उपासनेविषयक दस्तऐवजात अंत्यविधीबाबत दोन गोष्टी सांगितल्या आहेत. ख्रिस्ती मरणातील पास्काचा, म्हणजे मरणातून जीवनाकडे जाण्याचा, आशय विधीतून स्पष्ट दिसावा. आणि तो विधी त्या त्या प्रदेशाच्या परिस्थितीला व परंपरेला अधिक अनुरूप असावा. त्यानुसार १९६९ साली जो लॅटिन विधी तयार झाला त्यात घर, चर्च आणि दफनभूमी असे तीन टप्पे आहेत. चर्चमधील टप्पा मिस्साबलिदानाचा; तेथे प्रवचन असते, परंतु त्या प्रवचनाचे रूपांतर मृताच्या गुणगौरवात करू नये अशी स्पष्ट सूचना आहे. हा नियम अनेकांना रुक्ष वाटतो. आम्हाला तो शहाणपणाचा वाटतो. वेदीवर ख्रिस्ताविषयी बोलावे. मृताविषयी, किंवा माओरींप्रमाणे मृताशी, बोलण्यासाठी आदल्या रात्रीचे जागरण आहे, घर आहे, अंगण आहे. अडचण अशी, की आमच्याकडे ती आदली रात्र उरलेलीच नाही. सगळे एका दुपारी उरकायचे असते, आणि म्हणून मिस्सेच्या शेवटी सहा-सात मान्यवर ध्वनिक्षेपकापाशी रांग लावतात. गावातील म्हाताऱ्या बाईला मात्र कोणी बोलावीत नाही.

धर्मगुरूच्या अंत्यविधीत ख्रिस्तसभेने काही खुणा जपलेल्या आहेत. लॅटिन परंपरेत सामान्य भाविकाचे पाय वेदीकडे असतात, कारण तो आयुष्यभर वेदीकडे तोंड करून बसला. धर्मगुरूचे डोके वेदीकडे ठेवतात, कारण तो आयुष्यभर लोकांकडे तोंड करून उभा राहिला. आमच्या धर्मप्रांताच्या सिरो-मलबार परंपरेत याहून हृदयस्पर्शी प्रसंग आहे. दफनापूर्वी दिवंगत धर्मगुरू वेदीचा, मंदिराचा व जमलेल्या समुदायाचा निरोप घेतो. त्याच्या वतीने गीत गायले जाते आणि शवपेटिका उचलून मंदिराला टेकवली जाते. एवढा वेळ लोक त्याचा निरोप घेत होते, आता तोच लोकांचा निरोप घेत आहे. ज्यांनी हा प्रसंग पाहिला आहे त्यांना कोरड्या डोळ्यांनी परतणे जमलेले नाही. आणि म्हणूनच, ज्या मंदिरात त्याने वीस वर्षे मिस्सा अर्पण केली, त्या मंदिराचा निरोप न घेताच त्याला जावे लागले, तर काहीतरी अपुरे राहते असे आम्हास वाटते.

बिशपबाबत ख्रिस्तसभेचा कायदाही बोलका आहे. १९८३ सालच्या लॅटिन धर्मसंहितेनुसार चर्चच्या आत दफन करण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे. त्याला अपवाद पोप, कार्डिनल आणि धर्मप्रांताचे बिशप यांचा, आणि तोही त्यांच्या स्वतःच्या चर्चमध्ये. निवृत्त बिशपांनाही तो लागू आहे. बिशप लोकांमध्येच विसावतो, ही कल्पना यामागे आहे.

आता आपण महाराष्ट्राकडे वळू. २५ जुलै २०२४ रोजी वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे निधन झाले. १९४२ साली नंदाखाल येथे जन्मलेले फादर १९७२ साली धर्मगुरू झाले. 'सुवार्ता' मासिकाचे ते दीर्घकाळ संपादक होते. 'सुबोध बायबल' या त्यांच्या ग्रंथाला साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. वसईच्या हरित पट्ट्यासाठी झालेल्या लोकलढ्याचे ते अग्रणी होते. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद येथे (आज धाराशिव) भरलेल्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. एक कॅथलिक धर्मगुरू मराठी सारस्वताच्या त्या आसनावर बसला, हे आपल्या समाजाच्या इतिहासातील मोठे पान आहे. त्यांचा अंत्यविधी त्याच दिवशी सायंकाळी नंदाखालच्या पवित्र आत्मा चर्चमध्ये, म्हणजे त्यांच्या जन्मगावीच झाला. त्यांच्यावर हक्क सांगणारे बरेच होते: साहित्यिक, पर्यावरणवादी, पत्रकार, वसईचे शेतकरी, हिंदू मित्र. आणि तरीही तो नंदाखालचा मुलगा नंदाखाललाच परतला.

आमच्या जिल्ह्यांत शासकीय इतमामात निरोप दिला गेल्याचे सर्वांच्या आठवणीतील उदाहरण म्हणजे बाबा आमटे. ते ख्रिस्तसभेचे पुढारी नव्हते, परंतु वरोऱ्याचे आनंदवन आणि भामरागडजवळचे हेमलकसा यांच्यामुळे या जंगलपट्ट्याशी त्यांचे नाते कोणत्याही धर्मनेत्याहून कमी नव्हते. ९ फेब्रुवारी २००८ रोजी आनंदवनात त्यांनी देह ठेवला. शासकीय मानवंदना झाली आणि त्यांचे दहन न करता आनंदवनाच्याच मातीत दफन करण्यात आले. ज्या जमिनीत त्यांनी कुष्ठरुग्णांसमवेत कुदळ मारली, तीच जमीन. तेथे कोणी कोणाचा देह मागितला नाही, कारण तो कोणाचा याविषयी शंकाच नव्हती.

शासकीय इतमाम म्हणजे नेमके काय, याबद्दल आपल्या भाविकांत कुतूहल असते. राज्य शासन असा सन्मान जाहीर करते. पार्थिवावर राष्ट्रध्वज पांघरतात, केशरी पट्टा मस्तकाकडे ठेवून. पोलीस पथक शस्त्र उलटे धरून मानवंदना देते, बंदुकीच्या फैरी झडतात, बिगुल वाजतो. ध्वजसंहितेचा नियम असा, की ध्वज कबरीत उतरवायचा नाही व चितेवर जाळायचा नाही. त्यापूर्वी तो सन्मानाने काढून घ्यावा लागतो. ख्रिस्तसभेचाही याबाबत एक दंडक आहे. इंग्रजी भाषेतील अंत्यविधीच्या पुस्तकानुसार मिस्सेच्या वेळी शवपेटिकेवर केवळ ख्रिस्ती चिन्हे असावीत. राष्ट्रध्वज चर्चच्या दारी काढून स्नानसंस्काराची आठवण देणारे शुभ्र वस्त्र पांघरावे. याचा अर्थ राष्ट्राचा अनादर असा नाही. वेदीसमोर आर्चबिशप असो की आलापल्लीच्या आगारातील मजूर, दोघेही त्याच एका शुभ्र वस्त्राखाली येतात, एवढाच त्याचा अर्थ आहे.

मदर तेरेसा यांचा अंत्यविधी हे या विषयातील भारताचे सर्वात मोठे उदाहरण होय. ५ सप्टेंबर १९९७ रोजी त्यांचे निधन झाले. एक आठवडा त्यांचा देह कलकत्त्याच्या संत थॉमस चर्चमध्ये दर्शनासाठी ठेवला होता. १३ सप्टेंबर रोजी महात्मा गांधी व पंडित नेहरू यांचे पार्थिव ज्या तोफगाड्यावरून नेले होते, त्याच गाड्यावरून त्यांची अंत्ययात्रा निघाली. नेताजी इनडोअर स्टेडियममधील मिस्सेत कार्डिनल सोडानो प्रमुख होते. देशोदेशीचे प्रतिनिधी आले होते. हिंदू, मुस्लिम, शीख आदी धर्मांच्या प्रतिनिधींनी प्रार्थना केल्या. अर्पणे घेऊन आलेल्यांत एक अनाथ, एक कुष्ठरुग्ण, तुरुंगातून सुटलेली एक स्त्री व एक अपंग व्यक्ती होती. तरीही त्या दिवशी पुष्कळांनी खंत व्यक्त केली, की आसने पाहुण्यांनी भरली आणि गोरगरीब रस्त्याच्या कडेला, अडथळ्यांपलीकडे उभे राहिले. आमच्या मते मदरचा खरा सार्वजनिक अंत्यविधी आधीच्या आठवड्यात झाला, जेव्हा पावसात भिजत अनवाणी माणसे संत थॉमस चर्चबाहेर रांगेत उभी होती.

आणि कधी कधी लोकांना येताच येत नाही. झारखंडच्या आदिवासींमध्ये कार्य करणारे येशूसंघीय फादर स्टॅन स्वामी ५ जुलै २०२१ रोजी मुंबईत वांद्रे येथील होली फॅमिली रुग्णालयात वारले. ते ८४ वर्षांचे होते व न्यायालयीन कोठडीत होते. त्यांच्यावरील खटला अद्याप चाललेला नव्हता. करोनाच्या निर्बंधांमुळे दुसऱ्या दिवशी वांद्र्याच्या संत पीटर चर्चमधील मिस्सेला मोजकेच लोक उपस्थित राहू शकले; इतरांनी ती इंटरनेटवरून पाहिली. नंतर देहाचे दहन झाले. दहनाला ख्रिस्तसभेने १९६३ पासून परवानगी दिलेली आहे, हे येथे सांगणे आवश्यक आहे, कारण अनेक भाविक अजूनही त्याविषयी शंका घेतात. त्यांची रक्षा झारखंडला, रांचीजवळच्या बगईचा या त्यांच्या कार्यस्थळी नेण्यात आली आणि तेथे आदिवासी बंधुभगिनींनी तिचे दर्शन घेतले. फादर जन्माने तमिळनाडूचे, निधन महाराष्ट्रात, परंतु त्यांची रक्षा गेली ती ज्यांच्यासाठी ते जगले त्यांच्याकडे.

आता पुन्हा आलापल्लीकडे. माओरी जमातीत आणखी एक प्रथा आहे, तिला 'कावे माते' म्हणतात. ज्या मराएवरील लोक अंत्यविधीला येऊ शकले नाहीत, त्यांच्याकडे मृताचे कुटुंब नंतर स्वतः जाते. सोबत मृताचे छायाचित्र नेते. तेथे पुन्हा हाका, पुन्हा रडणे, पुन्हा भाषणे व भोजन होते, जणू देहच तेथे आला आहे. एकाच माणसावर अनेक गावांचा हक्क असेल तर काय करावे, याचे हे उत्तर आहे. देह एकाच ठिकाणी पुरता येतो, दुःख मात्र गावोगाव नेता येते.

ही प्रथा आमच्या धर्मप्रांतात अंगीकारण्यास कोणतीही अडचण आम्हाला दिसत नाही. एखाद्या धर्मगुरूचे वा धर्मभगिनीचे दूरच्या मठात दफन झाले, तर चाळिसाव्या-एकेचाळिसाव्या दिवसाच्या सुमारास, त्यांच्या संघाच्या संमतीने, त्यांचे छायाचित्र व त्यांची वापरातील एखादी वस्तू त्यांनी सेवा केलेल्या केंद्रावर आणता येईल. वस्तू म्हणजे प्रार्थनापुस्तक, गळ्यातील क्रूस, किंवा जंगलवाटेवर सोबत असलेली काठीदेखील. प्रेषितांच्या कृत्यांतील यापोच्या विधवा आठवाव्यात: तबिथा मरण पावली तेव्हा त्यांनी पेत्राला भाषण ऐकवले नाही, तिने शिवलेले अंगरखे व वस्त्रे त्याच्यापुढे पसरली आणि त्या रडल्या. रात्री अंगणात जमावे. माडिया, तेलुगू, मराठी, ज्याला जी भाषा येते तीत बोलावे. ढोल असेल तर तो वाजवावा. फादरांवर कोणाचा राग राहिला असेल तर तोही निघू द्यावा. सकाळी मिस्सा. मग प्रत्येक घरातून आलेल्या तांदळाचे व डाळीचे भोजन.

दगडाबाबत मात्र सावधगिरी हवी. वेशीबाहेरचा दगड हा माडिया समाजाच्या स्वतःच्या श्रद्धेचा भाग आहे, आणि त्यामागील विधी गावच्या वडीलधाऱ्यांचा आहे. तो उचलून चर्चच्या आवारात शोभेसाठी मांडणे, हा सन्मान नव्हे. परंतु एखाद्या गावाने आपणहून म्हटले, की आमच्या फादरांच्या नावे आम्ही दगड उभा करणार, तर धर्मग्रामाने नकार देण्यापूर्वी त्या वडीलधाऱ्यांशी बसून बोलावे, त्यांना त्यातून काय म्हणायचे आहे ते ऐकावे, आणि मगच बिशपमहोदयांकडे विचारणा करावी.

धर्मगुरूंनाही आमची एक नम्र विनंती आहे. आपल्या अंत्यविधीविषयीची इच्छा आपण लिहून ठेवावी व आपल्या वरिष्ठांना कळवावी. काहींना गावी, आईवडिलांच्या कबरीशेजारी विसावण्याची ओढ असेल. ती अगदी स्वाभाविक आहे. काहींना आपल्या संघाच्या बांधवांमध्ये राहावेसे वाटेल. आणि एखाद्याला, पोंपालिए यांच्यासाठी लोकांनी जे मागितले तेच, स्वतःहून मागावेसे वाटेल. ते लिहिलेले असेल तर ऐन वेळी फोनवर धावपळ करणाऱ्या वरिष्ठांचे आणि भामरागडच्या वाटेने जीप शोधणाऱ्या भाविकांचे, दोघांचेही काम सोपे होईल.

नोव्हेंबर महिन्यात आपण आपल्या प्रियजनांच्या कबरींवर मेणबत्त्या लावतो. ज्यांच्या कबरी केरळात वा अन्यत्र आहेत, त्या आपल्या धर्मगुरूंची व धर्मभगिनींची नावे या वर्षी प्रत्येक केंद्राने एका कागदावर उतरवावीत. कोण कोणत्या साली आले, कोणत्या गावी राहिले, कोणती भाषा बोलत, हे म्हाताऱ्या माणसांना विचारून घ्यावे. ती यादी आमच्याकडे पाठविल्यास आम्ही ती आनंदाने प्रसिद्ध करू.